सतरा नंबरच्या खोलीतला पाव

विस्तिन मांजोननं आपल्या गुडघ्यांचं ऐकलं असतं तर हे काम कधीच सोडून दिलं असतं. भुयारात उतरायला बहात्तर पायऱ्या, वर यायला त्याच बहात्तर, आणि दिवसातून पाहुण्यांच्या तीन तुकड्या. असं तेरा वर्षं चाललं होतं. त्याआधी तीस वर्षं गोदीत वेल्डिंग करताना तो गुडघ्यांवरच बसला होता, त्यामुळे गुडघ्यांचीही तक्रार खोटी नव्हती.

माल्टात तट, बुरूज, तोफा, टेहळणीचे मनोरे यांना काही तोटा नाही. पाहुणे ते बघून बघून दमतात, आणि मग जेवणाआधी उरलेल्या तासाभरात हाल बर्का गावच्या भुयारात येतात. म्हणजे इकडे दमलेला विस्तिन आणि समोर दमलेले पाहुणे. विस्तिन आधी हातानं फिरवायचा भोंगा वाजवायचा. त्याचा आवाज दगडातून घुमत गेला की पोरं खिदळायची आणि म्हाताऱ्या गप्प व्हायच्या. मग तो सांगायचा की दुसऱ्या महायुद्धात वरून बॉम्ब पडत असताना सगळं गाव इथं खाली कसं राहिलं, कुठं चूल होती, कुठं शौचाच्या बादल्या होत्या, आणि कुणाकुणाच्या घरानं भिंतीत आपापली वेगळी खोली कशी खोदून घेतली. दिवसातून तीनदा युद्ध सुरू करायचं आणि तीनदा संपवायचं. त्याला आताशा युद्धाचा नव्हे, स्वतःच्या आवाजाचा वीट आला होता.

तरी सतरा नंबरच्या खोलीपाशी आला की त्याला थोडी तरतरी यायची. खोली कसली, एक खाट आणि एक पेटी मावेल एवढं दगडातलं बीळ, पण खाली रंगीत फरशा आणि समोरच्या भिंतीत देवाचा कोनाडा. कोनाड्यात गावची संत सांता कातरिना, तिची खूण असलेलं चाक धरून उभी. "ही आमची खोली," विस्तिन सांगायचा. "माझ्या आजोबांनी, आंजलु मांजोननी, स्वतःच्या हातानं खोदली. माझी आई इथंच जन्मली, या फरशीवर." मग तो मूर्तीच्या पायाशी दगडातून पुढं आलेल्या एका गोल गोळ्यावर टिचकी मारायचा. "आजोबा खोदकामात वाघ होते, पण नक्षीकामात शून्य. कातरिनाचं चाक कोरायला गेले आणि झाला पाव!" सगळे हसायचे. सगळ्या देशांचे लोक या एका ठिकाणी हसतात हे त्यानं तेरा वर्षांत पाहिलं होतं.

येत्या रविवारी तो भुयाराची किल्ली नगरपालिकेच्या हवाली करणार होता. नंतर कुणी पगारी मुलगी येणार होती, कानात घालायची यंत्रं येणार होती. विस्तिननं त्या बदल्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मिळालीही होती: सतरा नंबरच्या दारावर बसवायला एक कोरीव दगड. 'ही खोली आंजलु मांजोन यांनी १९४१ साली स्वहस्ते खोदली.' गवंडी चिकूच्या अंगणात तो दगड तयार होऊन पडला होता. विस्तिन रोज जाता-येता त्याच्याकडे बघून यायचा. तीस वर्षं त्यानं ज्या जहाजांना डाग दिले त्यातलं एकही आता पाण्यावर नव्हतं. घराण्याचं नाव म्हणून काय राहणार होतं, तर हा हातभर दगड.

फक्त आई, म्हणजे मा, त्या दगडाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. एक्याऐंशी वर्षांची कातरिन, माहेरचीही मांजोन आणि सासरचीही. भुयारात जन्मली, पण पुन्हा म्हणून कधी खाली उतरली नाही. "मी एकदा तिथून वर आलेय, पुरे झालं," एवढंच म्हणायची. विस्तिनला वाटायचं, भीती असेल. वर आली तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती, मग भीती कसली बसली असेल, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

गुरुवारच्या सकाळच्या तुकडीत जर्मन होते, दोन इंग्रज जोडपी होती, आणि नव्वदीला टेकलेली एक बाई होती, हातात काठी आणि दंडाला धरून नात. नात ऑस्ट्रेलियन इंग्रजी बोलत होती. विस्तिननं वरच सांगून पाहिलं की बहात्तर पायऱ्या आहेत, तुमच्या आजींनी इथं सावलीत बसावं.

"माहीत आहे मला किती आहेत ते," म्हातारी अस्सल गावच्या बोलीत म्हणाली, आता गावातही कुणी बोलत नाही अशा. "मोजतच उतरायचे मी. तू हो पुढं, बाळा."

विस्तिनला बरं वाटलं. मेलबर्नहून असे अधूनमधून यायचे. पन्नास साली बोटी भरभरून गेलेले. उतरताना ती प्रत्येक वळणावर भिंतीला हात लावत होती. भोंगा वाजला तेव्हा तिनं डोळे मिटले, बाकी काही नाही.

सतरा नंबरपाशी उशीर झाला होता म्हणून त्यानं आईच्या जन्माचं वाक्य गाळलं, बाकी नेहमीचं सांगितलं, टिचकी मारली, पाव म्हणाला. जर्मन हसले. इंग्रज हसले. म्हातारी हसली नाही. ती कोनाड्याकडे अशी बघत राहिली की जणू कुणी तिच्या घरातलं सामान हलवलं होतं.

बाकीचे वर निघाले. नात त्यांच्याबरोबर दोन पायऱ्या चढून थांबली. म्हातारीनं काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं:

"कुत्रं कुठं गेलं?"

"कुठलं कुत्रं, मावशी?"

"रोक्कूचं. आमच्या बाबांनी कोरलेलं." तिनं वाकून त्या गोल दगडावर तळवा ठेवला. "हा त्याच्या तोंडातला पाव. इथं पाठ होती, इथं शेपूट. मी रोज निजताना त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. मी जोर्जा बेझिना. बकरीवाल्या झारेनची जोर्जा."

विस्तिन एक पाऊल मागं सरकला.

हे समजायला हाल बर्काचं असावं लागतं. गावात संत दोन, बँडपथकं दोन, क्लब दोन, आणि दोन क्लबांच्या मध्ये एक चौक. या बाजूला सांता कातरिना, त्या बाजूला सान रोक्कू, ज्यांच्या झेंड्यावर कुत्र्याचं चित्र. मांजोनांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कातरिनाचं. घंटेवाले म्हणतात त्यांना. दुसऱ्या बाजूच्या क्लबात घंटेवाल्यांपैकी कुणी तहान लागली म्हणूनही पाय ठेवलेला नव्हता. युद्धाच्या आधीच्या एका जत्रेत आजोबा आंजलुनं याच बकरीवाल्या झारेनच्या हातातली तुतारी हिसकावून त्याच्याच डोक्यावर वाकवली होती, ही गोष्ट विस्तिननं लहानपणी शंभरदा ऐकली होती.

आणि कुत्रं? कुत्रं विस्तिननंच फोडलं होतं. किल्ली हातात आली त्या पहिल्याच महिन्यात. कोनाड्याच्या तळाला दगडाचा एक ओबडधोबड उंचवटा होता. ओल, काजळी आणि सत्तर वर्षांचा बुरा साठून त्याचा काही आकारच कळत नव्हता. मूर्ती नीट बसेना. म्हणून त्यानं छिन्नी घेतली, अर्ध्या तासात तो सपाट केला आणि कातरिना चुन्यात पक्की बसवली. पुढचा गोळा आड येत नव्हता म्हणून तेवढा ठेवला. तोंडात पाव धरलेलं रोक्कूचं कुत्रं त्यानं जन्मभर चौकात, झेंड्यांवर, मिठाईच्या खोक्यांवर पाहिलं होतं. पण आपल्या खोलीत रोक्कू असेल हे घंटेवाल्याच्या डोक्यात येणारच कसं? दुसऱ्या कुणीही, अगदी जर्मन पाहुण्यानंसुद्धा, जरा बोटानं बुरा पुसून बघितलं असतं.

त्याला पटलं होतं. आत कुठंतरी लगेच पटलं होतं. आणि म्हणूनच त्याचा आवाज चढला.

"मावशी, तुमची खोली चुकतेय. पलीकडची असेल. इथं सगळ्या सारख्याच दिसतात."

"असेल हो," जोर्जा म्हणाली. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि भांडायला ती आलीही नव्हती. "म्हातारी झाले आता. एक मात्र सांग. ज्या आठवड्यात बाळंतिणींची खोली ढासळली, त्या आठवड्यात एक बाई इथं बाळंत झाली. बाहेरच्या गर्दीत तिला आडवं व्हायला जागा नव्हती. बाबांनी आम्हा पाचही पोरांना उठवलं, म्हणाले, चला बाहेर, खोली तिला द्या. अकरा रात्री आम्ही पायऱ्यांवर निजलो. त्या पायरीचा गारठा अजून माझ्या पाठीत आहे. मग आम्ही सगळे, बाबासुद्धा, आजीकडं दुसऱ्या गावी गेलो, तिथून बोटीवर. त्या बाईचं मूल फार अशक्त होतं, रडायचंसुद्धा नाही. ते जगलं का रे?"

विस्तिन खाली बघत राहिला. फरशीकडे. याच फरशीवर, याच फरशीवर, असं तो तेरा वर्षं ओरडून सांगत आला होता.

"मला काही ठाऊक नाही," तो म्हणाला.

"असू दे. बाबा शेवटपर्यंत विचारायचे, म्हणून विचारलं. शनिवारी आमचं विमान आहे." तिनं काठी घेतली.

पायऱ्या चढताना त्यानं तिला हात दिला. दोघंही दर दहा पायऱ्यांना थांबत होते, आणि कोण कुणासाठी थांबतंय हे सांगता आलं नसतं.

दुपारची तुकडी त्यानं परत पाठवली. भुयारात पाणी आलंय म्हणाला. तेरा वर्षांत पहिली सुट्टी, तीही खोटं बोलून.

घरी मा खिडकीशी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. विस्तिननं टोपी काढली नाही की पाणी मागितलं नाही.

"मा, सतरा नंबरची खोली कुणाची?"

तिचे हात थांबले नाहीत. एक शेंग, दुसरी शेंग. "कोण आलं होतं?"

"झारेन बकरीवाल्याची पोरगी."

तेव्हा मात्र ते भांडं तिनं बाजूला ठेवलं. "जोर्जा? आई सांगायची एका जोर्जाबद्दल. मला बघायला ती दारातून सारखी डोकवायची म्हणे." "त्यांची खोली. त्यांनीच खोदली. तुझ्या आजोबाला पंक्चर काढता येत नव्हतं, तो कसला दगड खोदतोय?"

"आणि हे तू मला आता सांगतेस? तेरा वर्षं मी तिथं घसा फोडतोय!"

"आवाज खाली कर. मी काय सांगणार? वडील बसले होते ना माझ्या डोक्यावर. ते गेले तेव्हा तू चोवीस वर्षांचा होतास आणि आजोबा म्हटलं की तुझी छाती फुगायची. काढून घेऊ ती?" ती उठली, कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला, आणि डब्याच्या तळाचा बाप्तिस्म्याचा कागद त्याच्यापुढं धरला. "वाच."

कागदावर नाव होतं: कातरिना रोक्का मांजोन.

"दुसरं नाव, रोक्कूवरून, आईनं दिलं," मा म्हणाली. "पाद्रीबाबांना हळूच सांगितलं. बाबांना चर्चमध्येच कळलं. आठ दिवस ते तिच्या हातचं जेवले नाहीत. म्हणजे भुयारात, जिथं आधीच जेवायला काही नव्हतं." ती हसली, पण हसू लगेच विरलं. "मी जन्मभर कातरिनच राहिले. शाळेत, लग्नात, निवृत्तिवेतनाच्या कागदात. रोक्का या डब्यात."

"पण आजोबा खोली आपली का म्हणायला लागले?"

"कारण झारेनला आभार कळवायला चौक ओलांडून त्यांच्या क्लबात जावं लागलं असतं, राजा. तीस पावलं. रोज म्हणायचे, उद्या जातो. मग जत्रा आली, मग भांडण आलं, मग झारेनची बोट सुटली. मग आभार कुणाचे मानणार? म्हणून खोलीच आपली करून टाकली. खोली आपली झाली की आभार संपले." ती पुन्हा बसली. "म्हणून मी खाली येत नाही. तिथं उभी राहिले असते तर तोंड बंद ठेवता आलं नसतं."

विस्तिनला रडू आलं नाही, रागही आला नाही. नुसता प्रचंड थकवा आला, जणू तेरा वर्षांच्या सगळ्या पायऱ्या त्याला एकदमच चढायला लावल्या होत्या. तो टेबलाशी बसून राहिला, मानं पुढं ठेवलेला तेल-टोमॅटोचा पाव तसाच राहिला. त्याला सारखी छिन्नी आठवत होती. किती सहज उडाला होता तो दगड. त्या दिवशी तो शीळ घालत होता.

"मी तिला म्हणालो, मला ठाऊक नाही," तो शेवटी म्हणाला.

"काय ठाऊक नाही?"

"तिनं विचारलं, ते मूल जगलं का."

मानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. लहानपणी मार देण्याआधी बघायची तसं. मग उठून आत गेली.

शुक्रवारी सकाळी तो उठला तेव्हा ती काळा पोशाख घालून, केस विंचरून, दाराशी पिशवी घेऊन बसली होती.

"कुठं असेल ती?"

"कुठं असणार? त्यांच्या क्लबात. बकरीवाले आणखी कुठं जाणार?"

"मग चल."

"मा, सान रोक्कूच्या क्लबात?"

"तुझा आजोबा उद्या उद्या करत मेला," ती म्हणाली. "मला तेवढा वेळ नाही."

चौक तीसच पावलांचा होता, विस्तिननं मोजली. मा प्रत्येक पावलाला काठी टेकत होती. मटणाच्या दुकानातून कुणीतरी बाहेर डोकावलं. कातरिनाच्या क्लबाच्या दारात बसलेल्या दोघांनी हातातला चहाचा ग्लास तसाच अधांतरी धरला. "विस्तिन, अरे रस्ता चुकलास की काय?" त्यातला एक ओरडला. विस्तिननं मागं वळून बघितलं नाही.

आत सान रोक्कूचे झेंडे, भिंतीवर जुन्या बँडवाल्यांचे फोटो. पत्ते खेळणाऱ्यांचे हात थबकले. काउंटरमागचा माणूस ग्लास पुसत होता, तो तोच ग्लास पुसत राहिला. कोपऱ्यात जोर्जा नातीबरोबर बसली होती, समोर पास्तिझ्झी, चीज भरलेली खारी, अर्धी खाल्लेली.

विस्तिन तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तेरा वर्षं परक्यांसमोर न अडखळता बोलणारा माणूस, त्याला एक वाक्य जमेना.

"मावशी, काल तुम्ही विचारलंत..."

मानं त्याला कोपरानं बाजूला सारलं. "जगलं," ती म्हणाली. "एक्याऐंशीचं झालंय. कंबर दुखते, बाकी ठीक आहे. कातरिना रोक्का."

जोर्जाला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. तिनं दोन्ही हातांनी माचा चेहरा धरला आणि तान्ह्या मुलाचा बघावा तसा अगदी जवळून बघितला. "रडतसुद्धा नव्हतीस गं," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, गेलीस." आणि ती स्वतःच रडायला लागली. मग माही. नातीला काही समजेना, ती दोघींच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

माला खुर्ची दिली ती काउंटरमागच्या माणसानं. विस्तिनला कुणी दिली नाही, आणि त्यानं घेतलीही नसती.

"खोली तुमची आहे, मावशी," तो म्हणाला. क्लबात सगळे ऐकत होते, ते ऐकू देत. "चिकूकडचा दगड मी रविवारी उलटा करायला सांगतो. मागच्या बाजूवर झारेन बेझिनाचं नाव येईल. आणि अकरा रात्री. मूर्ती मी काढतो. पण कुत्रं..." त्यानं टोपी काढली. "कुत्रं मी फोडलं. माझ्या हातानं. मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचंच नव्हतं. ते आता परत येत नाही."

जोर्जानं रुमालानं डोळे पुसले. ती पुष्कळ थकलेली होती, आणि तिला उद्या वीस तास विमानात बसायचं होतं.

"पाव ठेवलास ना," ती म्हणाली. "बस आता. चहा घे."

काउंटरमागच्या माणसानं न विचारता आणखी दोन ग्लास भरले, डब्यातलं दूध घालून, आणि एक विस्तिनपुढं ठेवला.